सतरा नंबरचं रक्त

शादाबची शीर सापडत नव्हती. तस्नीमने दुसऱ्यांदा सुई मागे घेतली.

"घ्या सावकाश," तो म्हणाला. "आमच्या जासईच्या यार्डात कंटेनर शोधायलाबी एवढाच वेळ लागतो."

न हसायचं ठरवूनही ती हसली...

१९९७ साल. बेलापूरच्या त्या प्रयोगशाळेत एचआयव्ही झालेल्यांचं आणि निरोगी माणसांचं रक्त येई. त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांना डिवचायचं, आणि दोन दिवसांनी त्यांनी किती इंटरल्यूकिन सोडलं ते मोजायचं. हे प्रथिन म्हणजे एका पेशीने दुसरीला दिलेली हाक. नळ्यांवर फक्त नंबर. कोण कुठल्या गटातलं, हे तस्नीमला मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. शादाबचा नंबर सतरा.

तो दर तीन महिन्यांनी येई. चौथ्या खेपेला जाताजाता म्हणाला, "खाली चहा घेऊया?"

"तुम्हा निरोगी लोकांना वेळच वेळ!" ती लटक्या रागाने म्हणाली.

तो थांबला. शर्टाची बाही खाली ओढली. "मी त्यातला नाय, तस्नीम. मला... हाय. तीन वर्षं झाली."

कापसाचा बोळा तिच्या हातातच राहिला. कसं झालं, ते तिने विचारलं नाही. चहाचं पुन्हा न काढता तो जिना उतरून गेला.

दोन दिवसांनी सतराचा आकडा आला. फार कमी; त्याच्या पेशींची हाकच क्षीण झाली होती. तिने तो लिहिला, वही मिटली, परत उघडून पाहिली. आकडा तोच होता. मग ती हे संशोधन चालवणाऱ्या डॉक्टरांकडे गेली. "सर, सतरा नंबर मला देऊ नका. मला गट कळलाय... आणि तेवढंच नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि यादीत सतरापुढचं तिचं नाव खोडलं.

पुढच्या खेपेला शादाबचं रक्त प्रयोगशाळेतल्याच दुसऱ्या तंत्रज्ञ पुतळाबाईंनी काढलं. तस्नीम खाली उभी होती.

"घाबरलीस ना?" तो आज पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"हो. पण म्हणून सतरा नंबर नाही सोडला. ज्याच्याबरोबर चहा प्यायचा, त्याचं रक्त तपासायचं नाही, असा नियम आहे."

"कुणी केला?"

"मी."

तो रस्त्याकडे पाहत राहिला. "तू आकडा बघितलायस. मी किती दिवस..."

"बघितला म्हणूनच आले," ती म्हणाली. "फसून नाही आले."

टपरीच्या बाकावर तो एका कडेला बसला, तिच्यासाठी पुष्कळ जागा सोडून. ती त्याला अगदी लागून बसली.