घर तुमचंच

करज शहरात भाड्याचं घर शोधायला निघालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळते. आपल्या खिशात बसणारं घर आपल्याला नको असतं, आणि जे हवं असतं ते आपल्या खिशाकडे बघून हसतं. फरंगीस आणि नोजर त्या हसण्याला आता सरावले होते. फर्दीसमधली घरं परवडत होती, पण खिडकी उघडली की समोरच्याच्या कढईतला कांदा मोजता येईल इतकी दाटी, वर हमरस्त्याचा धूर. गोहरदश्तमधल्या दलालाने त्यांची दक्षिणेकडची, अहवाजची बोली ऐकूनच आकडा वाढवला, असं नोजरचं ठाम मत होतं. उरलं मेहरशहर, चेरीच्या बागांचं आणि जुन्या बैठ्या घरांचं उपनगर.

त्यांना फक्त हवा हवी होती. अहवाजच्या धुळीने त्यांच्या सात वर्षांच्या निलूफरच्या छातीत ठाण मांडलं होतं. पोरगी जिना चढली तरी छाती शिट्टीसारखी वाजायची. डॉक्टर म्हणाले होते, "गाव बदला, नाहीतर..." आणि पुढे खिडकीबाहेर बघत बसले होते. नोजरने शाळेतली नोकरी सोडली, घर विकलं, आणि तिघं उत्तरेला आली.

मेहरशहरच्या त्या घराचं कुलूप दलालाने उघडलं आणि फोन वाजला म्हणून तो गल्लीतच थांबला. नोजर गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेला. फरंगीस निलूफरचा हात धरून आत शिरली. स्वयंपाकघरात डोक्यावरून फुलाफुलांची चादर पांघरलेली एक म्हातारी चहा ओतत होती.

"आलात? या, बसा," ती म्हणाली.

जुनी भाडेकरू अजून निघाली नसावी, असं फरंगीसला वाटलं. "आजी, चहा कशाला? आम्ही नुसतं घर बघायला आलोय."

"बघायचं काय त्यात? घर तुमचंच आहे, पोरी."

"नाही हो, घर तुमचंच. आम्ही आपले पाहुणे."

"माझं काय, मी निघालेच आता."

पुढचं सगळं फरंगीसच्या जिभेने केलं, डोक्याला न विचारता. "निघायचं कुठे? राहा ना इथंच. तुमचे पाय आमच्या डोळ्यांवर."

"छे, तुम्हाला अडचण."

"अडचण कसली? घराला बरकत येईल."

"उगाच म्हणतेस."

"मनापासून सांगते. माझ्या लेकीची शपथ, राहा."

आमच्याकडे याला तारुफ म्हणतात. एकाने जीव तोडून आग्रह करायचा, दुसऱ्याने हात जोडून नको म्हणायचं, आणि दोघांनीही सुखाने आपापल्या घरी जायचं. हा खेळ आम्ही आईच्या दुधासोबत शिकतो. टॅक्सीवालासुद्धा भाडं नको म्हणतो, म्हणून कोणी फुकट उतरत नाही.

म्हातारीने चहाचं तबक फरंगीसपुढे ठेवलं. निलूफरकडे बराच वेळ बघितलं.

"लेकीची शपथ घातलीस," ती म्हणाली. "आता मोडवत नाही. राहते."

फरंगीस चहाचा घोट घेत हसली. आजी थट्टेखोर दिसते, असं तिला वाटलं. तेवढ्यात निलूफरने खोल श्वास घेतला, आणि छाती वाजली नाही. पोरीने मजा वाटून पुन्हा घेतला. तरी नाही. फरंगीसचे डोळे भरून आले. ती धावत जिन्यापाशी गेली आणि ओरडली, "नोजर, हेच घर!"

दलाल खूश झाला. "आजच सामान आणा, वर्षभर रिकामंच आहे."

"आणि त्या आजी?"

"कोण आजी?"

स्वयंपाकघरात तबक नव्हतं. शेगडी गार होती, नळाला कोळिष्टकं होती. फरंगीसच्या जिभेवर मात्र वेलचीच्या चहाची चव होती. पोरीची छाती गप्प होती, म्हणून आईही गप्प राहिली.

रीतीप्रमाणे आधी आरसा आणि कुराण आत नेलं, नजर लागू नये म्हणून निखाऱ्यांवर इस्पंदाच्या बिया टाकून धूर केला. निलूफर अंगणात पळू लागली. तिचा श्वासाचा पंप कपाटात पडून राहिला. फरंगीस इतकी सुखी झाली की तिला त्या सुखाचीच भीती वाटू लागली.

मग मसाल्यांच्या बरण्या फळीवरून पुन्हा खोक्यात गेलेल्या दिसल्या.

"तूच भरल्या असशील," नोजर म्हणाला. "तुझं एक मन अजून अहवाजला आहे ना!"

नंतर त्याची पुस्तकं खोक्यात गेली. मग दोघांचे कपडे, सुरेख घड्या घालून, बॅगेत. मग त्यांच्या गाद्या पाहुण्यांच्या खोलीत. निलूफरची गादी जिथल्या तिथे होती. नोजर थट्टा करायचा थांबला.

एकदा फरंगीस कपडे पिळत होती. मागून निलूफर म्हणाली, "दमलीस गं, पोरी. राहू दे, तू का करतेस?"

फरंगीसच्या हातातलं कापड खाली पडलं.

भर दुपारी, घरात कोणी नसताना, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आजी, माझं चुकलं. तो नुसता तारुफ होता हो. तुमच्या पाया पडते, जा आता."

आतून दाताखाली खडीसाखर फुटल्याचा आवाज आला. मग चहाचा घोट घेतल्याचा.

त्याच दिवशी तिने नोजरला सगळं सांगितलं. तो रागावला नाही, हेच तिला असह्य झालं. त्याने निलूफरला उचललं आणि सरळ गल्लीच्या दाराबाहेर पडला.

उंबरा ओलांडताच छाती वाजू लागली.

पंप दिला. काही झालं नाही. ओठ निळे पडले, मान लोंबू लागली. फरंगीस किंचाळली, "आत ने! आत ने तिला!"

आत आल्याबरोबर निलूफरने डोळे उघडले. श्वास अगदी स्वच्छ.

त्यांनी मागच्या दाराने नेऊन बघितलं. मग खिडकीतून. मग नोजर अंगणाच्या पायरीवर बसला आणि डोकं गुडघ्यांत घालून रडू लागला. फरंगीस त्याच्याजवळ जाऊन बसली.

मागे चादरीची सळसळ झाली.

निलूफर दारात उभी होती. फुलाफुलांची चादर तिला मोठी होत होती, टोकं जमिनीवर लोळत होती.

"इतक्यात निघालात?" ती गोड आवाजात म्हणाली. "बसला असतात थोडं."

"निलूफर," फरंगीस म्हणाली, "बाळा, मी आई."

"तुमच्यावरून जीव ओवाळून टाकते," निलूफर म्हणाली. "पुन्हा या हं."

पाहुणा निघाला की आमच्याकडे घरच्या माणसाने त्याचे जोडे फिरवून ठेवायचे, म्हणजे त्याला सरळ पाय घालता येतात. निलूफर खाली वाकली. नोजरचे जोडे आणि फरंगीसचे जोडे तिने नीट जुळवले, टोकं रस्त्याकडे करून.

आणि स्वतःचे छोटे लाल बूट उचलून आत नेले.