दर एकवीस मिनिटांनी टिंग

२१ फेब्रुवारी २००९, शनिवार. महाशिवरात्र दोन दिवसांवर. भरे गावात कडाक्याची थंडी, आभाळ कोरं, वाऱ्याचा मागमूस नाही. जवळ सरका रे. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो कौस्तुभ आजही पिरंगुटात राहतो, जाऊन विचारा.

तो लातूरकडचा, कंपनीत नोकरीला. कुशाबांच्या माडीवर भाड्यानं राहायचा. बायको ज्ञानदा, तिला नववा महिना. म्हणून साहेबानं घरून काम करायची सवलत दिलेली, पण अट घालून. आजचं काम पहाटे चारच्या आत झालं नाही, तर सोमवारपासून ऑफिसात रात्रपाळी. मग रात्री ज्ञानदाजवळ कोण? म्हातारे कुशाबा आणि गोठ्यातली म्हैस.

साडेअकराला तो बसला. व्हीपीएन जोडलं. म्हणजे घरच्या इंटरनेटवरून ऑफिसच्या यंत्रणेत शिरायची खासगी वाट. वीसेक मिनिटं बरी चालली आणि तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. दर वेळी काम पहिल्यापासून. त्यानं मोबाइलवरून मदतकेंद्र गाठलं.

"सर, मोडेम बंद करून चालू केला का?"

"सहा वेळा."

"मग सातव्यांदा करून बघा, सर."

दातओठ खात त्यानं तेही केलं. वायर बदलली, मोडेमला शिव्या घातल्या.

"अहो, शिव्यांनी चालला असता तर केव्हाच चालला असता," आतून ज्ञानदा म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

माणूस चिकाटीचा. वहीत वेळा मांडल्या. ११:५१, १२:१२, १२:३३. बरोबर एकवीस मिनिटं. १२:५४ला तो कान देऊन बसला. टेबलावरचा जुना फोन किंचित वाजला. टिंग. व्हीपीएन तुटलं.

त्याला हसूच आलं. वरखाली एकच लाइन. खाली कुणी रिसीव्हर उचलला की वरचा फोन असाच वाजणार, इंटरनेट पडणार. तणतणत जिना उतरून त्यानं कुशाबांना हलवलं.

"काका, रात्रीचे कुणाला फोन लावताय? मला घरी बसू देणार नाहीत अशानं!"

"म्या? म्या तर हितं निजलोय. आन् खाली फोन हायेच कुटं? माजी कारभारीन लीला गेली तवाच काढला, दिवाळीत."

"लीलाकाकू रात्री फोन लावायच्या?"

"लेक गरवार व्हती ना, नववा म्हयना, सूसला सासरी. हिला झोप न्हाई. मिश्री लावत बसायची, रातभर फोन उचलायची, लागायचा न्हाई, ठिवायची. पुन्यांदा उचलायची. लई जीव तिचा."

कौस्तुभनं बॅटरी मारली. भिंतीतून आलेली वायर. टोक कापलेलं. वर चिकटपट्टी. कशालाच जोडलेली नाही.

माडीवर... टिंग.



तो वर आला. ज्ञानदा गाढ झोपलेली. घड्याळात १:१६. त्यानं रिसीव्हर उचलला. डायल टोन नव्हता. पलीकडे कुणीतरी होतं. बोलत नव्हतं...

"काकू..." तो पुटपुटला. "हिच्याचसाठी चाललंय सगळं. चारपर्यंत... फोन ठेवा."

...

...

टिंग.

डायल टोन आला.

व्हीपीएन १:२४ला जोडलं गेलं. नंतर तुटलं नाही. ३:४८ला काम पुरं झालं, साहेबाचा होकार आला, सवलत कायम राहिली. सकाळी सहाला सासूबाईंना फोन लावायला त्यानं रिसीव्हर उचलला. बोलायच्या जाळीवर ओली मिश्री लागलेली होती.