चौथा थेंब

पराना नदीवरून बोचरा वारा सुटला होता, म्हणून बेकरीची रांग आतच दाटीवाटीनं उभी होती. त्या दाटीत एका उंच तरुणानं गल्ल्यावरच्या बाईंना खणखणीत आवाजात विचारलं, "ती गांजाचं तेल करणारी म्हातारी कुठं राहते हो?"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. त्याच्या पुढेच उभ्या असलेल्या आझुसेनाचे कान तापले.

"म्हातारी नाही," ती मागे न वळता पुटपुटली. "आणि जरा हळू. परवाना आहे माझ्याकडे, पण म्हणून दवंडी पिटायला नको."

"तुम्ही?..." तो वाकून बघतच राहिला. "मग म्हातारी म्हटलं ते परत घेतो. बाकीचं हळू आवाजात पुन्हा विचारतो."

तिला हसायचं नव्हतं. तरी हसली.

त्याचं नाव नाझारेनो. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. नखांत काळं ग्रीस, डोळ्यांत खट्याळपणा. त्याच्या वडिलांना, एवारिस्तोंना, नागीण झाली होती. फोड गेले, पण बरगडीवरची आग काही जाईना. अंगाला सदराही सोसत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी गांजाचं तेल सुचवलं होतं, माप मात्र हळूहळू ठरवा म्हणाल्या होत्या.

माप! आझुसेनाची झोप उडवणारा शब्द. गांजातल्या दोन घटकांची तेलं दोन. सीबीडीचं शांत, डोक्यात न जाणारं. टीएचसीचं दुखणं पळवतं, पण जरा जास्त झालं की छाती धडधडते, भिंती फिरू लागतात. तिच्या आईला एकदा तसं झालं होतं, आणि तेव्हापासून कुणाच्याही जिभेवर थेंब सोडताना आझुसेना दोनदा मोजायची. त्यात दुखणं मोजायला यंत्र नाही. माणूस सांगेल तेच खरं धरायचं.

दर गुरुवारी ती त्यांच्या घरी जाऊ लागली. सीबीडी तेवढंच ठेवायचं, टीएचसीचा रोजचा एक थेंब वाढवायचा, आणि मग आठवडाभर जीव टांगणीला लावून बसायचं. नाझारेनो येर्बाचा कडू चहा पुढे करायचा.

"घ्या. तुमच्या थेंबांपेक्षा याचा धोका कमी."

"तुम्हाला सगळ्याचीच थट्टा सुचते का?"

"नाही. तुम्ही रागावता ना... त्याची थट्टा नाही करत. त्याची वाट बघतो."

असलं काहीतरी बोलायचा आणि लगेच पाना शोधायला उठून जायचा. पुढचं वाक्य यायचंच नाही.

तिसऱ्या थेंबावर एवारिस्तोंच्या चेहऱ्यावर तजेला आला. साधलं वाटतं! तिनं अधीरपणे विचारलं, "काय काका?"

त्यांनी बरगडी धरली. "आग आहेच गं पोरी. तू आपली पुढच्या गुरुवारी ये."

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारून तिनं उद्यापासून रोज चौथा थेंब घ्यायला सांगितलं, आणि घरी जाऊन फोनकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी, गल्ली दारंखिडक्या लावून झोपलेली असताना, फोन वाजलाच.

"आझुसेना, लवकर ये!"

नाझारेनोच्या आवाजात थट्टा नव्हती. त्यानं पहिल्यांदाच तिला 'ये' म्हटलं होतं, हे तिच्या लक्षात आलं ते पळता पळता.

एवारिस्तो खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. "पोरी, घर होडीसारखं हलतंय..."

त्यांची नाडी धावत होती. आझुसेनानं लगेच फोन लावला. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आडवं करा, पाणी द्या, एकटं सोडू नका. छातीत दुखलं तर ताबडतोब घेऊन या, नाहीतर उतरेल आपोआप.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्ही दुसरं कुणी बघा. मला नाही जमत हे..."

"तुझं कसलं चुकलंय!" म्हातारा पलंगावर खिदळायला लागला. "तिसऱ्या थेंबालाच दुखणं पळालं होतं!"

"काय? मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू परत आली असतीस? आणि हा गाढव..." त्यांचं बोट आधी कपाटाकडे गेलं, मग मुलावर स्थिरावलं, "दर गुरुवारी घोटून दाढी करतो, नुसता चहा ओततो! म्हटलं, पोराला जरा वेळ मिळवून द्यावा."

नाझारेनो कानापर्यंत लाल झाला. आझुसेनाला मात्र रडूच कोसळलं.

"तुमच्या एका शब्दावर माझं सगळं माप असतं, काका! काही बरंवाईट झालं असतं तर?"

म्हातारा ओशाळला. "चुकलो पोरी," म्हणाला, आणि तिचा हात धरून पडून राहिला. संध्याकाळपर्यंत नाडी ठिकाणावर आली आणि त्यांना झोप लागली. मगच ती उठली.

"तीन थेंब," ती दारात येऊन म्हणाली. "यापुढे तीनच. आता गुरुवारी यायचं कारण उरलं नाही."

"थांब ना..." नाझारेनो दारात आडवा आला. या वेळी पाना शोधायला गेला नाही. "बाबांना खोटं जमतं. मला खरंसुद्धा जमत नाही. पण एकदम सगळं सांगू, की..."

"थोडंच सांग. जास्तीची भीती वाटते मला."

"आवडतेस मला."

तिनं छातीवर हात ठेवला. तो घाबरला.

"जास्त झालं का? छाती... धडधडतेय?"

"धडधडतेय," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "खोटं कशाला सांगू?"