फुंकरीचा आकडा

माझं काम सोपं आहे. स्वस्त घरांच्या वसाहतीत दारोदार जायचं, लोकांना एका नळीत जोरात फुंकायला लावायचं आणि काटा थांबेल तो आकडा फॉर्मवर लिहायचा. दीडशेच्या खाली आला की छाती कमजोर ठरते आणि ओल आलेली खोली सोडून वरच्या मजल्यावर कोरडी मिळते. थोडक्यात, बढतीसाठी नापास व्हावं लागतं.

तळमजल्यावरच्या मावशी काही केल्या नापास होईनात. एकट्या राहायच्या, दिवसभर खोकायच्या, पण नळी हातात आली की ईर्ष्येला पेटायच्या. एकशेऐंशी.

"मावशी, जरा हळू फुंका."

"का रे अर्ध्या डॉक्टरा? खोटं फुंकायला शिकवतोस?"

त्या चहा टाकायला वळल्या, तेव्हा मी गंमत म्हणून नळी भिंतीतल्या भेगेला लावली. भिंत इतकी ओली, की बोट लावलं तरी चुना हातात यायचा. काटा हलला. एकशेवीसवर थांबला.

वारा असेल, म्हटलं. खोलीला खिडकी नव्हती.

मी तोच आकडा मावशींच्या नावापुढे लिहिला. भिंतीने तक्रार केली नाही.

महिन्याभरात त्यांना चौथ्या मजल्यावर लख्ख कोरडी खोली मिळाली. आठवड्याने गेलो, तर खाटेवर बसून धापा टाकत होत्या.

"फुंका."

एकशेवीस. पुढच्या आठवड्यातही एकशेवीस.

खाली रिकाम्या खोलीत जाऊन भेगेला नळी लावली. एकशेऐंशी. भिंत आता कोरडी ठणठणीत होती. आणि कोमट.

ऑफिसात सांगितलं, मावशींचा आकडा चुकलाय. साहेब म्हणाले, "मग बदल. पण मोजलेला लिही, मनाचा नको."

मावशींशिवाय मला 'जेवलास का' विचारणारं कुणी नाही. मी जिन्यात बसून स्वतः फुंकलं. पाचशे दहा. त्यांच्या नावापुढे लिहिलं.

दुसऱ्या दिवशी चौथा मजला चढताना मला तीनदा बसावं लागलं.

दार मावशींनीच उघडलं. खोकला नाही, धाप नाही.

"ये, बस." मग माझ्या मागे येऊन थांबल्या. "पाठ कुठे घासलीस रे? शर्टाला चुना लागलाय."

त्या झटकू लागल्या. बराच वेळ झटकत राहिल्या.

"निघत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "आतून येतोय."