मास्तरांची हजेरी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या ज्या मावशीच्या बाबतीत घडली, ती भुताखेतांच्या गप्पांना तोंडावर हसणारी बाई. चष्म्याचं दुकान चालवते. तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती.

गेल्या वर्षीचा एक मंगळवार. सकाळचे दहा. दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं.

मावशी एकटी राहते. एकट्या राहणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात ती होती. देशोदेशीची माणसं, पण नियम एकच. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना 'आहे' एवढंच लिहायचं. ज्याची पाळी असेल त्यानं दहाला आपल्या शहरातल्यांची यादी बघून नावापुढे खूण करायची. सकाळचं 'आहे' दिसलं नाही, तर घरच्यांना फोन लावायचा.

त्या दिवशी पाळी मावशीची होती.

यादीत आमच्याच शहरातले एक निवृत्त मास्तर होते. त्यांच्या नावापुढे होतं... आहे. आज सकाळी ९:१०.

तिनं खूण केली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

दुकानातला कॉम्प्युटर नवा होता. त्यावर गटाची साइट आपल्या शहराची वेळ दाखवत नव्हती, स्वतःची दाखवत होती. आणि साइटचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. आदल्या रात्री नऊ चाळीसला मास्तरांनी लिहिलेलं 'आहे' तिथे 'आज सकाळी' म्हणून झळकत होतं.

सकाळी मास्तरांनी काहीच लिहिलं नव्हतं.

ते पहाटे न्हाणीघरात पडले होते. नळ चालू होता. मुलगी दोन गल्ल्या सोडून राहायची, पण तिला कळलं संध्याकाळी. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत जीव होता.

गटानं काय केलं? साइटवरच्या घड्याळाचा रंग बदलला. लाल केला. सगळ्यांनी मावशीची समजूत काढली, चूक घड्याळाची होती म्हणाले. मावशीला त्या समजुतीचीच चीड आली. नवीन माणसांना 'आधी घड्याळ तपासा' म्हणून बजावणारी तीच होती.

तेराव्या दिवसानंतर तिची पाळी पुन्हा आली.

यादीतून मास्तरांचं नाव कधीच काढलं होतं. तरी ते होतं.

आहे. आज सकाळी ९:१०.

तिनं घड्याळाचा पर्याय बदलला. आपल्या शहराची वेळ... सकाळी ९:१०. साइटची वेळ... सकाळी ९:१०. जगातलं भलतंच एक शहर निवडलं.

सकाळी ९:१०.

मग पाण्याचा आवाज यायला लागला. बारीक, सतत. तिनं मागची खोली पाहिली, काचा घासायचं मशीन बंद केलं.

आवाज थांबला नाही... आणि दुकानात नळच नाही.

तिनं गटातल्या एका निवृत्त पोस्टमनला फोन करून यादी बघायला सांगितली. त्याच्याकडे मास्तरांचं नाव नव्हतं. ताई, थोडी विश्रांती घ्या, म्हणाला.

मावशी हट्टी. तिनं खूण केली नाही. एकदा डोळे झाकून केली होती, आता करणार नाही, म्हणाली. पाणी वाहत राहिलं.

साडेदहाला आवाज बंद झाला.

आणि फोन वाजला. मास्तरांची मुलगी होती, धापा टाकत.

"तुमच्या दुकानातून आत्ता मला फोन आला. बाबांची हजेरी नाही, लगेच जाऊन बघा म्हणून. आवाज तुमचाच होता."

पोस्टमनशी बोलल्यानंतर मावशीनं फोनला हातही लावला नव्हता.

"आणि मी धावले हो. बाबा गेलेत हे ठाऊक असून धावले. अनवाणी. दार ठोठावलं, तर नवे भाडेकरू बाहेर आले. का केलंत असं?"

मावशी त्या मंगळवारचा हिशेब करत राहिली. दोन गल्ल्या. दहा मिनिटंसुद्धा लागली नसती.

मावशीनं गट सोडला. पण यादी रोज दहाला तिच्या स्क्रीनवर येते. त्यात एकच नाव असतं. ती मुकाट्यानं खूण करते, म्हणजे मास्तर सुखरूप आहेत, असं रोज लिहून देते.

मी एकदा म्हटलं, मावशी, एक दिवस नको करूस, बघू काय होतं.

"नाही केली, तर ती पोरगी पुन्हा धावेल," मावशी म्हणाली. "त्या दिवशी धावू दिलं नाही मी तिला. आता कशाला?"