फोटोशी जुळेपर्यंत

तो मेसेज आधी कोणी पाठवला, एवढंच मोईनला शोधायचं होतं. केनवडच्या बाजारात चादरी विकणाऱ्या लखीरामला लोकांनी पोरं पळवणारा समजून ठेचून मारलं होतं. गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला मोईनच्या धाकट्या भावानं, दानिशनं. टाकायला काय लागतं, नुसता अंगठा! आता तो कोठडीत होता. पहिला पाठवणारा दुसरा निघाला तर पोरगा सुटेल, असं हवालदार म्हणाले होते.

मोईनचं शेजारच्या मालेगावात मोबाइलचं दुकान. अर्ध्या केनवडचे फोन त्यानंच लावून दिलेले, त्यामुळे लोक बिनधास्त त्याच्या हातात फोन देत. भर दुपारी तो दारोदार फिरला. दानिशला मेसेज रामकिसनकडून आला होता, रामकिसनला भाजीवाल्या गोमतीबाईकडून. लखीराम तिच्याच दुकानासमोर मेला होता. दोनदा धुऊनही तिथला रक्ताचा वास गेला नव्हता.

तिनं मेसेज उघडला. ‘पोरं पळवणारा. दिसला की सोडू नका.’ खाली लखीरामचा फोटो. कपाळ डाव्या भुवईपासून उकललेलं, एक डोळा गालावर आलेला. हा तर मेल्यावरचा फोटो, तो म्हणाला.

“नाही बाप्पा. मारलं बारा वाजता. फोटो सकाळी नऊलेच आला.”

स्क्रीनवर वेळ तीच होती.

“मंग असल्या फोटोवरून लोकाईनं वयखलं कसं त्याले?” मोईननं विचारलं.

गोमतीबाई कुजबुजली, “वयखू येतच नोयता... तोंड तं धड होतं त्याचं. म्हणून हानत गेले... फोटोसंग जुळेपावतर.”

पाठवणाऱ्याचं नाव होतं, ‘लखीराम चादरवाला’.

पण दानिश पहिला नव्हता, हे तर सिद्ध झालं. त्यानं तो मेसेज आपल्या फोनवर घेऊन हवालदाराला पाठवला. भावाला गावात कोणी बोट लावू नये म्हणून गावाच्या ग्रुपवरही टाकला.

दोन दिवसांनी दानिश सुटला. त्याला घ्यायला मोईन केनवडच्या बाजारातल्या स्टँडवर, गोमतीबाईच्या दुकानासमोर उभा राहिला. आजूबाजूचे सगळे मोबाइलमध्ये बघत होते.

“हे तूच टाकलं ना, मोईन?” रामकिसननं विचारलं.

मेसेज मोईनच्याच नावानं होता. वेळ परवाची. ओळही तीच. फोटो मात्र दानिशचा होता, कपाळ डाव्या भुवईपासून उकललेलं.

त्यानं मान वर केली. लोकांच्या हातात दगड होते. समोर जीप येऊन थांबली.

“उतर मत, दानिश...” मोईन जीपकडे धावला.

दानिश हसत खाली उतरला. गोमतीबाईनं भाजीवर गोणपाट ओढून घेतलं.