मधली दोन मिनिटं

दारव्ह्याहून यवतमाळला जाणाऱ्या काळीपिवळीत जागा दहा जणांची असते आणि बसतात सोळा. याबद्दल रंजिताची कधी तक्रार नव्हती. पण फेब्रुवारीतल्या त्या सकाळी सतरावी सवारी म्हणून कुणीतरी ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा भलामोठा भारा आत घुसवला, आणि त्यातल्या एका नळीत तिची ओढणी अडकली.

"काढा ना हे," ती म्हणाली. "जीप हाये का भंगाराचं दुकान?"

"भंगार नाही, मॅडम. अँटेना हाये." भाऱ्यामागून आवाज आला. "ओढू नका, वाकते ते. आठ दिवस दारव्ह्याच्या वेल्डिंगवाल्याच्या दारात बसलो याच्यासाठी."

"अस्सं! कोणतं चॅनल दिसते याच्यावर?"

"एकच. तेही दिवसातून अकरा मिनिटं."

ओढणी सोडवणारा रंजिताचा हात थांबला. अकरा मिनिटांचं चॅनल अख्ख्या जिल्ह्यात एकाच गच्चीवर लागणार होतं, आणि ती गच्ची तिच्या ताब्यात होती.

"तुम्ही मुनेश्वर काय?"

भारा जरा बाजूला सरकला. मागे एक सावळा, घामेजलेला, फार साधा चेहरा होता. आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते.

"तुम्ही कशा ओळखता मले?"

"एका महिन्यात नऊ ईमेल आले तुमचे. डेटावाल्यांले काही समजत नाही म्हणून."

"म्हणजे तुम्ही—"

"राठोड. जिले काही समजत नाही, तीच."

आता थोडं मागचं सांगायला हवं. नागपूरच्या एका विद्यापीठाने चपलेच्या खोक्याएवढा उपग्रह बनवला होता. नाव टिटवी. काम एकच, वरून विजा मोजायच्या. तो बनवणाऱ्या इंजिनिअरांचा प्रमुख नेरचा इंद्रजित मुनेश्वर. उपग्रह जे पाठवील ते उतरवून घेऊन त्याचा अर्थ लावणाऱ्यांची प्रमुख दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावरची रंजिता राठोड. तो नागपूरला, ती यवतमाळच्या कॉलेजात. दहा महिने दोघं ईमेलवर कडाकडा भांडले होते आणि एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

अँटेना बसवायला तीन दिवस लागले. खरं तर दीड दिवसाचं काम होतं. दुपारी खांब तापला, तेव्हा इंद्रजितने काही न बोलता आपला रुमाल खांबाला गुंडाळला आणि म्हणाला, "आता धरा." तिने धरला. तो वर चढून नटबोल्ट आवळत होता आणि मधूनच खाली बघत होता. खाली बघण्यासारखा एकही नटबोल्ट नव्हता. तर डोळ्यांचं हे असं होतं.

चौथ्या दिवशी तो नागपूरला गेला. मार्चमध्ये टिटवी वर गेली आणि त्यांची अकरा मिनिटं सुरू झाली.

रोज सकाळी दहाच्या सुमाराला टिटवी क्षितिजावर उगवायची आणि अकरा मिनिटांत मावळायची. तेवढ्या वेळात नागपूर आणि यवतमाळ फोनच्या लाइनवर जोडलेलं असायचं. पहिली पाच मिनिटं इंजिनिअरिंगची: बॅटरी किती, तापमान किती. उरलेली सहा डेटाची: विजा किती. कोणी कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं, ते आदल्या दिवशीच आपापल्या संगणकात भरून ठेवायचं. लाइनवरचं सगळं रेकॉर्ड व्हायचं, म्हणून कामाशिवाय बोलायचं नाही असा नियम होता. मात्र हवापाण्याची चौकशी कामातच मोडायची. पावसाने सिग्नल मंदावतो ना!

"पाऊस हाये यवतमाळले?" जुलैत तो विचारायचा.

"हाये."

"किती?"

"मोजला नाही. पाह्यत बसली नुसती."

"डेटावाले असून मोजत नाही?"

"सारंच मोजत नसते माणूस."

मग लाइनवर थोडा वेळ नुसता पाऊस वाजायचा. तिच्या गच्चीवरचा तो ऐकायचा, त्याच्या खिडकीतला ती.

सकाळी जीप पकडायच्या आधी आरशासमोर तिचा वेळ वाढू लागला, तेव्हा तिच्या याडीने, म्हणजे आईने, मानीबाईने, भाकरी थापता थापता विचारलं, "छोरी, फोनवर बोलाले टिकली कायले लावतं?" रंजिताकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. तांड्यावरची पोरगी आणि नेरच्या बौद्ध घरातला पोरगा. बाबा काय म्हणतील, हा विचार ती जीपमध्ये करायची आणि दहा वाजले की विसरायची. तिला तो हवा होता. चोवीस तासांतली अकरा मिनिटं जगायची आणि उरलेले तास वाट बघायची, असं तिचं झालं होतं.

ऑगस्टमध्ये दोन बातम्या आल्या. एक, टिटवी खाली येऊ लागली होती आणि सप्टेंबर संपायच्या आत जळून जाणार होती. दुसरी, इंद्रजितला जर्मनीच्या एका विद्यापीठाने मोठ्या मोहिमेसाठी बोलावलं होतं, दोन वर्षांकरता. म्हणजे टिटवी गेली की लाइन बंद, आणि लाइन बंद झाली की काही बोलायचं राहून गेलं ते राहूनच जाणार. हे दोघांनाही कळत होतं. तरी दोघं पाऊसच विचारत राहिले.

मग इंगोलेसरांनी बैठक बोलावली.

पंजाबराव इंगोले प्रकल्पाचे प्रमुख. माणूस प्रेमळ, पण आकडा चुकला की कुणाची गय नाही. त्यांनी पडद्यावर सहा महिन्यांची नोंद लावली. नागपूरची टीम समोर बसली होती, यवतमाळची पडद्यावरून बघत होती.

"पाचव्या आणि सहाव्या मिनिटाले पाहा," सर म्हणाले. "एप्रिलपासून टिटवी डोक्यावर असते अन् तिच्याकडून कोणीच काही घेत नाही. रोजची दोन मिनिटं. तिची मेमरी भरली अन् ऑगस्टमधल्या चार दिवसांच्या विजा पुसल्या गेल्या. काहून?"

इंद्रजित उभा राहिला. "माझी चूक, सर. पाच मिनिटं माझी होती. मी चौथ्यालेच थांबत होतो... डेटाले जरा जास्त वेळ भेटावा म्हणून."

रंजिता माइकजवळ सरकली. "नाही सर. चूक माझी हाये. मी सहावं मिनिट संपल्यावर सुरू करत होती. त्याईची बॅटरीची फाइल मोठी असते, ती मधात तुटू नये म्हणून..."

"मंग एकमेकांले सांगितलं काहून नाही?"

तिला वाटत होतं, ही मिनिटं तो घेतोय. त्याला वाटत होतं, ती घेतेय. आणि नेमक्या त्याच दोन मिनिटांत दोघं पाऊस विचारत बसले होते. पाहुणा म्हणतो तुम्ही घ्या, यजमान म्हणतो तुम्ही घ्या, आणि पानातला भात निवून जातो. तसं झालं होतं. रंजिताच्या शेजारी तिच्या टीममधली प्रियंका हसू दाबण्यासाठी वहीत तोंड घालून बसली. कळायचं ते सगळ्यांना कळलं होतं. पण चार दिवसांच्या विजा परत येणार नव्हत्या, आणि रंजिताला त्याची फार लाज वाटली.

"उद्यापासून एक सेकंद वाया गेला नाही पायजे," सर म्हणाले. मग चष्मा पुसत जरा हळू म्हणाले, "अन् बाकी जे काही हाये... ते तुमचं तुम्ही पाहा."

पुढचे अठरा दिवस दोघांनी जीव तोडून काम केलं. सेकंदाला सेकंद लावून सप्टेंबरच्या सगळ्या विजा उतरवल्या. पावसाबद्दल कोणी विचारलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी दहा वाजले. हिशेबाप्रमाणे टिटवीच्या अजून दोन फेऱ्या बाकी होत्या. अँटेना फिरली, लाइन जोडली गेली, पण पडद्यावरची रेघ सपाटच राहिली.

"सिग्नल?" इंद्रजितने विचारलं.

"नाही."

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. प्रियंका खुर्चीवरून उठली, चहा सांगून येते म्हणाली आणि जाताना दार ओढून घेतलं.

"गेली वाटते," तो म्हणाला.

"हो."

"रंजिता..." तो पहिल्यांदाच नुसतं नाव घेत होता. "मी जर्मनीले नाही म्हणून कळवतो. इथंच राह्यतो. तुम्हाले... बरं पडेल."

हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. आणि ऐकल्यावर तिला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला. इतका राग, की डोळ्यांत पाणी आलं.

"पुन्हा तेच करून राह्यले तुम्ही," ती म्हणाली. "माझ्यासाठी सोडून राह्यले. मी तुमच्यासाठी सोडते, तुम्ही माझ्यासाठी सोडता, अन् मधात कोणाच्याच हाती काही लागत नाही. आता मले काही सोडून देऊ नका. काय पायजे ते सांगा. मागा."

"हे रेकॉर्ड होते ना..."

"होऊ द्या."

खिडकीबाहेर अँटेना संथपणे फिरत रिकाम्या आभाळात कुणाच्या तरी मागे चालली होती.

"मले जर्मनी पायजे," तो शेवटी म्हणाला. एक एक शब्द त्याने उचलून ठेवल्यासारखा ठेवला. "अन् मले तुम्ही पायजे. दोन्ही पायजे. दोन वर्षं लागतीन... तुम्ही थांबसान?"

ती खूप हसली आणि त्या हसण्यात रडलीही. दोन वर्षं म्हणजे किती सकाळी, हे तिने मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिलं.

"थांबते," ती म्हणाली. "पण रविवारी तांड्यावर या. बाबा घरीच असतात. तिथंही असंच सरळ मागा."